जर्मन गाडीचं दुखणं

"दर पंधरा दिवसांनी हिच्यात नवं काय हुडकू मी? माझं कपाळ?"

गाडीखालून आलेलं हे पुटपुटणं उत्तरावहिनींसाठी नव्हतं. जयराम पाठीवर झोपून गाडीखाली सरकला तेव्हा त्याची समजूत अशी, की साहेबांबरोबर वहिनीही चहाला गेल्या. वहिनी गेल्या नव्हत्या. पुढच्या चाकाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या, आणि जयरामचं डोकं त्यांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर होतं.

खोकून आपण इथे असल्याचं कळवावं एवढा सभ्यपणा उत्तराजवळ होता. पण दिवस सभ्यपणाचे राहिले नव्हते.

"सेन्सर काढ एखादा," ती म्हणाली. "सेन्सर सांगून दोन महिने झाले."

गाडीखाली पाना वाजायचा थांबला.

"वहिनी, तुम्ही हितंच हाय का?"

"इथंच आहे. चालू दे तुझं."

पाना पुन्हा वाजू लागला. बोलण्यासारखं खूप असलं की त्यांचं हे असंच व्हायचं. नाशिकच्या अंबड वसाहतीत जयरामच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आणखी तीन विलायती गाड्या पोटं उघडून उभ्या होत्या. त्यांची दुखणी खरी होती. गायधन्यांच्या गाडीला मात्र काही झालं नव्हतं. जयरामने सकाळीच स्कॅनर लावून बघितलं होतं. यंत्राने एकही दोष दाखवला नाही, आणि यंत्राला भीडभाड नसते.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी साहेब, म्हणजे उत्तराचे पती बाळाजी गायधनी, कॉलेज रोडला बँकेत गेले आणि तीन तासांनी रिक्षाने परत आले. गाडी बंद पडली म्हणाले. स्टार्टच होत नाही, बटण दाबून दाबून बोट दुखलं. जयराम तिथे पोचला तेव्हा गाडी बँकेसमोर उभी होती. इंजिन चालू, एसी चालू, ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं. कोणी चोरली नाही हीच नवलाई. चालू गाडी हा माणूस तासभर चालू करत बसला होता.

जयरामने हे उत्तराला फोनवर सांगितलं तेव्हा शेवटचं वाक्य गिळून टाकलं, आणि उत्तरानेही ते विचारलं नाही.

बाळाजी चहा पिऊन आले. तोवर बोनेटशेजारच्या टेबलावर, स्वच्छ फडक्यावर, एक काळपट सेन्सर मांडून ठेवला होता. कुठल्या गाडीचा, ते जयरामला ठाऊक. बाळाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, सेन्सर उचलून उजेडात धरला, त्याच्या पिनांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि समाधानाने मान हलवली.

"तरी म्हटलं," ते म्हणाले. "कार्बन धरलाय बघ कसा."

हा नियम त्यांचाच. पंचवीस वर्षांपूर्वी जयराम निफाडहून आयटीआय करून कंपनीत ॲप्रेंटिस लागला, तेव्हा बाळाजी गायधनी टूलरूमचे प्रमुख होते. मशिनीतून काढलेला जुना पार्ट टेबलावर दिसल्याशिवाय ते जॉबकार्डावर सही करत नसत. बोलून दाखवू नका, ठेवून दाखवा. पोरं मागे नक्कल करायची, पण त्या टूलरूममधून शिकून गेलेल्या पोराचं काम कधी ढिलं निघालं नाही. घराण्यात सगळे गोदाकाठी यजमानांचे विधी करणारे. हा एकटा लोखंडाच्या नादी लागला आणि त्या लोखंडाशी उभा जन्म प्रामाणिक राहिला.

गाडी घेतली ती निवृत्तीनंतर, सहा वर्षांपूर्वी. मुंबईच्या एका डॉक्टरची, तेव्हाच आठ वर्षं वापरलेली. बघायला गेले तेव्हा खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक होतं. ते घेऊन हा गृहस्थ गाडीभोवती तासभर फिरला. चुंबक चिकटलं तिथे पत्रा खरा; नाही चिकटलं तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली, म्हणजे गाडी कधीतरी ठोकलेली. विकणाऱ्या दलालाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. चुंबक सगळीकडे चिकटलं. मग बाळाजींनी दार उघडून लावलं, पुन्हा उघडून लावलं, आणि उत्तराकडे बघून म्हणाले, "ऐकलंस? दार असं लागलं पाहिजे." उत्तराला दार लागल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. पण नवऱ्याचा चेहरा असा तिने लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

नातेवाइकांनी नावं ठेवायचं कर्तव्य पार पाडलं. धाकटी जाऊ म्हणाली, जुनी जर्मन गाडी म्हणजे हत्ती पोसायचा, आणि तोही म्हातारा. तिचं अगदीच खोटं नव्हतं. सकाळी बघावं तर गाडी एका बाजूने बसलेली, जणू रात्री गुडघा धरला. कधी पाणी गळे, कधी काचेमागे नारिंगी दिवा लागून राही. पार्ट दिल्लीहून कुरिअरने यायचे. सगळ्या ओळखीपाळखीत गायधन्यांच्या गाडीच्या आजारपणाचे विनोद झाले होते.

आणि त्याच विनोदांनी घात केला. साधी गाडी असती तर महिनाभरात बिंग फुटलं असतं. साध्या गाडीवर किती ढकलणार? पण या गाडीबद्दल काहीही सांगितलं तरी लोकांना पटायचं. बाळाजी सातपूरला निघाले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला द्वारका चौकात पोचले: गाडीतल्या नकाशाने फसवलं. घराच्या फाटकाला बाजू घासली: मागचा सेन्सर बोलला नाही. पार्किंगमध्ये तासभर गाडी सापडली नाही: रिमोटचा सेल गेला. बाळाजी हे सगळं मनापासून सांगत. ऐकणारे हसत, उत्तराही हसे.

पहिल्यांदा ती एकटी जयरामकडे गेली, ती सिटी बसने. काय सांगायचं ते बसमध्ये तीनदा जुळवलं होतं, त्यातलं एक अक्षर ओठांवर आलं नाही. "साहेबांचं समाधान होईल असं काहीतरी टेबलावर ठेवत जा," एवढंच म्हणाली. जयरामने तिच्याकडे बघितलं आणि कापडाने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "ठेवतो, वहिनी," तो म्हणाला. त्यानंतर कोपऱ्यातल्या भंगाराच्या पेटीतून दुसऱ्यांच्या गाड्यांचे मेलेले पार्ट निघू लागले, आणि साहेबांची सही होऊ लागली.

तिने दुसरे उपाय केले नाहीत असं नाही. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ दोनदा घेतली, दोनदा रद्द केली. एकदा किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. बाळाजींनी दिवसभर घर उपसलं, संध्याकाळी धुणंभांडीवाल्या मीनाने घेतली म्हणाले, आणि मीना पदराने डोळे पुसत निघून गेली. दुसऱ्या दिवशी किल्ली खुंटीवर परत आली. मग जयरामने, पार्ट जर्मनीहून यायचाय या सबबीवर, गाडी महिनाभर शेडमध्ये ठेवून घेतली. बाळाजी रोज रिक्षाने तिला भेटायला जायचे, आजारी माणसाला डबा घेऊन जावं तसे. अठराव्या दिवशी परतताना पत्ता विसरले, आणि रिक्षावाल्याने दुपारभर इंदिरानगरात फिरवून शेवटी त्यांच्याच फोनवरून घरी फोन लावला. त्यापेक्षा गाडी बरी, असं उत्तराला वाटलं. निदान गाडीत ती शेजारी बसू शकत होती.

मुलगा मयुरेश पुण्याला. त्याला काही कळत नव्हतं असं कसं म्हणावं? दिवाळीला फराळाच्या टेबलावर बाळाजींनी चकली मोडता मोडता त्याला विचारलं होतं, तुझी बारावी यंदाच ना? मयुरेश अडतीस वर्षांचा. मग तोच म्हणाला, "हो बाबा, यंदाच," आणि मोठ्याने हसला, म्हणून सगळे हसले. बाबांची गंमत. नंतर उत्तरा गॅलरीत कपडे काढायला गेली, तर तो तिथे भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिने कपडे न काढताच दार ओढून घेतलं. फोनवर तो नेहमीचंच म्हणायचा, आई, जुन्या गाडीत असंच असतं, विकून टाका.

मखमलाबाद रोडच्या वळणावर बसणाऱ्या नवसाबाईलाही कळलं होतं. ती पेठकडची; एसटीने यायची, गोणपाटावर मेथी, नागली, कधी रानातलं काहीबाही मांडून बसायची. गायधनी तिचं बारा वर्षांचं गिऱ्हाईक. एका सकाळी बाळाजी तिच्याकडून मेथी घेऊन गेले, अर्ध्या तासाने पुन्हा येऊन मेथी घेऊन गेले, आणि तिसऱ्यांदा आले तेव्हा समोर जुड्यांचा ढीग असताना नवसाबाई म्हणाली, "मेथी सरली, साहेब." हे तिने उत्तराला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आणि जुडीवर चार काड्या कोथिंबीर जास्त ठेवली.

असं सगळ्यांनी मिळून चालवलं होतं. गाव मोठं, पण या एका गोष्टीपुरतं अगदी एका घरासारखं वागत होतं.

मग जानेवारीत मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी वेळेवर थांबली नाही. पुढच्या टेम्पोला टेकली, फार काही झालं नाही. पण बाळाजी त्या दिवशी घाबरले. दोन दिवस किल्लीला हात लावला नाही. टीव्हीसमोर बसून हाताच्या तळव्यांकडे बघत राहिले. ते दोन दिवस उत्तराला नंतर फार आठवले. त्या दोन दिवसांत ती शेजारी बसून एक वाक्य बोलली असती, तर पुढचं काही झालं नसतं. ती बोलली नाही. तिला त्यांचं ते बसणं बघवेना. तिसऱ्या दिवशी तिने जयरामला फोन केला.

टेबलावर या वेळी ब्रेकचे पॅड होते. कुणाच्या तरी गाडीचे, झिजून पार पत्र्याला लागलेले. जयराम सांगत होता की नवीन टाकलेत, आता ब्रेक कसा सुईवर लागतो. बाळाजींनी ते पॅड दोन्ही हातांत घेतले. "अरे, हे तर संपलेत पार," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण रिपोर्ट चांगला आलेल्या माणसाचा उतरतो तसा उतरला. दुखणं सापडलं होतं, औषध झालं होतं. मग माणूस घरी कशाला बसेल?

आठव्या दिवशी, सकाळी साडेआठला, ते मेथी घ्यायला निघाले. उत्तरा शेजारी होती. थंडी होती, ऊन नुकतं वळणावर आलं होतं, आणि नवसाबाई गोणपाट झटकत होती. गाडी हळू झाली. या गाडीला क्लच नाही. पायाखाली दोनच पेडल, एक पळायचं, एक थांबायचं. गाडी थांबणार असं उत्तराला वाटलं, आणि गाडीने उडी घेतली.

तिने बाळाजींकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एखादं मशीन ऐकत नसलं की टूलरूममध्ये ते जसे भुवया आखडत, तशा आखडल्या होत्या, आणि ते पाय आणखी जोर लावून दाबत होते. नवसाबाईची पाटी चाकाखाली गेली. नंतर विजेचा खांब आला. खांब आणि गाडी यांच्यामध्ये नवसाबाईचा उजवा पाय होता.

ती ओरडली नाही. उत्तरा दार उघडून उतरली तेव्हा नवसाबाई खांबाला धरून बसली होती आणि विखुरलेल्या मेथीकडे बघत होती. लोक धावले. कोणीतरी गाडी मागे ढकलली, तेव्हा मात्र ती ओरडली. बाळाजी आत स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ते म्हणत होते, ब्रेक लागत नाहीयेत, ब्रेक लागत नाहीयेत.

पोलिसांनी विचारलं तेव्हा उत्तराच्या तोंडून तेच निघालं. ब्रेक लागले नाहीत. इतकं सहज निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं. पण नवल कसलं, दोन वर्षांचा सराव होता.

मयुरेश दुपारी पोचला. त्याचं म्हणणं सरळ होतं. ब्रेक निकामी झाले असतील तर हा अपघात. नाहीतर बाबांवर केस, त्यांची तपासणी, कोर्टात प्रश्नोत्तरं. सगळ्या जगासमोर. फक्त जयरामने तसं सांगायला हवं. उत्तरा अंबडला गेली. या वेळीही बसमध्ये वाक्यं जुळवली, आणि या वेळी ती सगळी बोलली.

जयराम ऐकत होता. गाडीचे ब्रेक आठच दिवसांपूर्वी त्याने केले, असं सगळ्यांना सांगून झालं होतं. ते निकामी झाले तर हात कुणाचा, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. अर्ध्या नाशिकच्या जुन्या विलायती गाड्या त्याच्या नावावर विश्वासून या शेडमध्ये येत.

"माझं फिटिंग ढिलं राह्यलं आसंल, आसं सांगतो," तो म्हणाला.

नको, असं म्हणायला उत्तराला एक क्षण मिळाला होता. तो तिने जाऊ दिला. त्याच्या शेडमधून बाहेर पडताना आपण कोणाला ओलांडून चाललो आहोत ते तिला नीट माहीत होतं, आणि तरी ती चालत राहिली.

नवसाबाईचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौथ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला वॉर्डात आले. बायकांचा जनरल वॉर्ड, दुपारची वेळ, खिडकीत वाळत टाकलेली लुगडी. बाळाजींना आणायचं नव्हतं. पण मी येणार, असं ते सकाळपासून म्हणत होते, आणि आश्चर्य म्हणजे विसरले नव्हते. ते स्टुलावर बसले. चादर जिथे उजवीकडे अचानक सपाट होत होती तिथून त्यांची नजर हलेना.

हवालदारांनी कागद मांडीवर घेतला. मयुरेश पुढे होऊन नीट, समजुतीच्या आवाजात सांगत होता: गाडी जुनी, बाहेरच्या देशातली, सतत बिघडणारी, आठवड्यापूर्वीच ब्रेकचं काम झालेलं. हवालदार म्हणाले, त्या बाईंना बोलू द्या आधी.

नवसाबाईचा आवाज कोरडा पडला होता. "माझीच पाटी लय म्होरं व्हती," ती म्हणाली. "साहेब बारा वर्सांचं गिऱ्हाईक. त्यांनी काय मुद्दाम केलं? लिवा तसं."

तुटलेल्या पायाची बाईसुद्धा बाळाजींनाच सांभाळत होती.

"आणि ब्रेक?" हवालदारांनी जयरामकडे बघितलं.

जयराम पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. धुतलेला शर्ट घालून आला होता. "ब्रेक मीच केलं व्हतं साहेब," तो खाली बघून म्हणाला. "माझं फिटिंग ढिलं राह्यलं."

हवालदार लिहू लागले.

"जयरामचं काम ढिलं नसतं," बाळाजी म्हणाले.

पेन थांबलं. मयुरेश म्हणाला, बाबा, तुम्ही बसा. पण ते उठले होते. हे कंपनीतले बाळाजी होते. उत्तराने त्यांना असं ताठ उभं राहिलेलं दोन वर्षांत बघितलं नव्हतं. तिने त्यांची बाही धरली. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं आणि बाही सोडवून घेतली. हवालदारांकडे त्यांनी बघितलंच नाही. ते पलंगाजवळ गेले आणि नवसाबाईसमोर हात जोडून उभे राहिले.

"बाई, ब्रेक चांगले होते," ते म्हणाले. "त्या दोनांतला ब्रेक कोणता, ते मला आठवलं नाही. मला आता पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत. आणि हे इथे सगळ्यांना माहीत आहे."